शेजाऱ्याला सामासिक अंतरात सवलत मिळाली, हे नक्की ठरवतं कोण?

परसदार
मंडळी नमस्कार. ज्यांची कोकणात घरं-जागा आहेत किंवा जे या खात्यात काम करून दमलेत त्यांना प्रश्न आहे. आमचं घर एका नगरपंचायतीच्या हद्दीत, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण अर्धं गाव इथे नुसतं वाचायला असतं. शेजारचा लांबट प्लॉट मुंबईच्या एका गृहस्थांनी घेतला आणि दिवाळीनंतर काम काढलं. आता जोतं वर आलंय आणि त्यांची चिऱ्याची भिंत आमच्या गडग्यापासून (हद्दीच्या दगडी कुंपणापासून) जेमतेम अडीच फुटांवर येतेय. ओळखीचा आर्किटेक्ट म्हणतो की या जागेला बाजूला दीड मीटर तरी सुटायला हवं. विचारायला गेलो तर मुकादमाने मोबाईलवर परवानगी दाखवली, त्यात चक्क लिहिलंय की बाजूच्या सामासिक अंतरात (म्हणजे हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेत) विशेष बाब म्हणून सवलत.

आणि माझ्या भावाने त्याच ऑफिसात सवलत मागितली होती तेव्हा चार ओळींचा नकार हातात ठेवला. तर हे ठरवतं कोण, कशावरून, आणि ज्याच्या गडग्याला भिंत भिडणार त्याला कोणी विचारायचं असतं की नाही? मला भांडायचं नाहीये, समजून घ्यायचंय. बरं, थोडं भांडायचंय.

सोलकढी
निकष एकच असतो आणि तो फाईलवर लिहीत नाहीत. दिवे घ्या.

गजालवाला
तुमका निदान कागद तरी दिसलो! आमच्या हय शेजाऱ्याची पावळी आमच्या न्हाणीर गळता आणि तो म्हणता आजोबाच्या वेळेपासून गळता, आता कित्याक बोलतास.

निवृत्त_ओव्हरसियर
सोलकढी, तुमच्या वाक्यावर हसलो पण ते पूर्ण खरं नाही. नोकरी याच टेबलावर गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ कायदा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६. त्याखाली डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली आली, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, आर्किटेक्ट मंडळी यूडीसीपीआर म्हणतात ती. मुंबई महापालिका आणि काही ठरावीक भाग सोडले तर जवळजवळ सगळ्या राज्याला ती लागू, म्हणजे आपल्या नगरपरिषदा-नगरपंचायतींनाही. त्यात दुसऱ्या प्रकरणात विशेष प्रकरणी सवलत देण्याचा नियम आहे. सोप्या भाषेत असं, की नियम जसाच्या तसा लावला तर मालकाची उघड दिसणारी आणि दाखवून देता येणारी अडचण होत असेल, तर प्राधिकरण कारण लेखी नोंदवून मापात सवलत देऊ शकतं. पण त्याने त्या घरात राहणाऱ्यांच्या आणि शेजारच्यांच्या आरोग्याला, आगीपासूनच्या सुरक्षेला, बांधकामाच्या मजबुतीला धोका होता कामा नये. शेजारच्यांच्या, हे लक्षात ठेवा, ते त्यात लिहिलेलं आहे.

आणि तीन गोष्टींना हात लावता येत नाही. रस्त्याच्या बाजूचं अंतर, चटई क्षेत्र आणि पार्किंग. नियमावलीतच दुसरीकडे कुठे मुभा दिली असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर कोणत्याही परिस्थितीत नाही. परसदार, तुमच्या भावाने काय मागितलं होतं? पुढचं अंतर तर नाही ना?

परसदार
काका, पुढचंच. रस्त्याला लागून गाळा काढायचा होता त्याला.

निवृत्त_ओव्हरसियर
मग त्या चार ओळी बरोबर होत्या. तिथे मुख्याधिकाऱ्याने मनात आणलं तरी देता येत नाही. गाळ्यासाठी पुढे सरकायची परवानगी दिली आणि उद्या रस्ता रुंद करायचा झाला की तोच माणूस नुकसानभरपाई मागत येतो.

परसदार
बरं, भावाचं सोडा. त्याला हे सांगितलं तर तो मलाच विचारेल तू कोणाच्या बाजूचा. पण माझ्या गडग्याचं काय?

पोफळी
मी दुसऱ्या बाजूने बोलते, कारण आम्हाला अशी सवलत मिळालीय आणि एक रुपया वरचा दिलेला नाही. ज्यांनी गुहागर पाहिलंय त्यांना जागा कशी असते ते कळेल. एक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि समुद्राकडच्या घरांच्या मागे वाडी थेट पुळणीपर्यंत. आमची जागा वेगळ्या गावात, पण अशीच. पुढून रुंदी एवढीशी आणि लांबी विचारू नका. दोन्ही बाजूंना नियमाप्रमाणे अंतर सोडलं असतं तर मध्ये घर उरलं असतं ते रेल्वेच्या डब्यासारखं, खोलीतून खोली, खोलीतून खोली. आर्किटेक्टने दोन नकाशे काढले, एक नियमाप्रमाणे आणि एक सवलत धरून, आणि दोन्ही फाईलला लावले, त्यामुळे अडचण काय ती साहेबांना कागदावर दिसली. एका बाजूचं अंतर कमी करून दिलं, दुसऱ्या बाजूला पूर्ण सोडायला लावलं, आणि कमी केलेल्या बाजूला खिडकी ठेवायची नाही ही अट टाकली. वर अधिमूल्यही (सवलतीचं सरकारी शुल्क) भरलं, रीतसर पावती आहे. त्यामुळे सवलत म्हणजे सेटिंग असं सरसकट म्हणू नका प्लीज.

खाडीपलीकडे
पोफळी ताई, राग मानू नका पण ती जागा एवढीशी झाली कशी? आपल्याकडे चार भाऊ वाटप करताना प्रत्येकाला रस्ता हवा आणि प्रत्येकाला समुद्र हवा म्हणून उभ्या पट्ट्या पाडतात. आडवं वाटप कोणी करत नाही कारण मागच्याला येण्याजाण्याचा हक्क द्यावा लागतो आणि तिथेच भांडण. मग वीस-पंचवीस वर्षांनी नातवंडं नगरपरिषदेत जाऊन सांगतात, बघा हो साहेब आमची केवढी अडचण. ही अडचण जागेची की आजोबांची?

पोफळी
आजोबांचीच, पण आजोबांना नियमावली कुठे माहीत होती? २०२० साल उजाडायचं होतं.

एडिसनकर
खाडीपलीकडे यांचा मुद्दा भारी आहे, आमच्याकडे न्यू जर्सीत यावरच अर्ज उडतात. मी मूळचा देवरुखचा, इथे डेक वाढवायला अर्ज केला होता म्हणून प्रोसेस पूर्ण भोगलीय, थोडक्यात सांगतो.

इथे बहुतेक गावांचं झोनिंग बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंट असतं. सात सभासद, गावातलेच रहिवासी, कोणी डेंटिस्ट, कोणी रिटायर्ड मास्तर, पगार नाही. सवलतीचा अर्ज केला की तुमच्या जागेपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्या प्रत्येकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती तुम्हीच द्यायची, वर पेपरातही छापायची. मग संध्याकाळी सगळ्यांसमोर सुनावणी. शपथ घेऊन बोलावं लागतं आणि शेजारी तुम्हाला उलट प्रश्न विचारू शकतात. माझ्या मागच्या आजींनी विचारलं की डेकवर किती वाजेपर्यंत गाणी लावणार, मी म्हटलं आजी भावगीतं ऐकतो, बोर्डावरचे हसायला लागले, त्यांना कळलं काही नाही पण हसले.

अंतराबिंतराची सवलत साध्या बहुमताने मिळते. पण राहत्या वस्तीत दुकान टाकायचं असं वापरच बदलणारं काही असेल तर सातातली पाच मतं लागतात. आणि मुख्य निकष हा की अडचण जमिनीची पाहिजे, माणसाची नको. जागा निमुळती आहे, उतार आहे, मध्येच ओढा जातो हे चालतं. मुलाचं लग्न ठरलंय, खोली वाढवायचीय हे चालत नाही. आणि स्वतःच तुकडे पाडून अडचण तयार केली असेल तर बोर्ड सहसा दारातूनच परत पाठवतं. एकदा मिळालेली सवलत मात्र जमिनीला चिकटते, घर विकलं तरी नव्या मालकाला ती राहते, म्हणून तर देताना एवढा कीस काढतात.

घाटमाथा
आलं अमेरिकापुराण. आपल्याकडे २०० फुटांतल्या लोकांना बोलावलं तर सुनावणी गणपतीपासून शिमग्यापर्यंत चालेल. आणि ज्यांना बोलवायचं त्यातले निम्मे विरार-बदलापूरला, निम्मे सातबाऱ्यावर आहेत पण वारलेत.

गजालवाला
वारलेले पण येतले हरकत घेऊक, गाऱ्हाणा घातल्यार!

समईची_वात
घाटमाथा, हसायला ठीक आहे पण एडिसनकर म्हणतात त्यात तथ्य आहे. आमच्या शहराचा विकास आराखडा आला तेव्हा हरकती-सूचना मागवल्या होत्या, लोकांनी ढिगाने दिल्या, नियोजन समितीने बोलावून ऐकलंही. आराखड्यात छोटा फेरबदल करायचा तरी कलम ३७ खाली जाहीर नोटीस काढून हरकती घ्याव्या लागतात. म्हणजे मोठ्या गोष्टीला जनता विचारायची आणि ज्या गोष्टीने माझ्या स्वयंपाकघराचा उजेड जाणार ती मात्र टेबलावर परस्पर ठरणार. हे उलटं नाही का?

निवृत्त_ओव्हरसियर
उलटं आहे, मान्य. आमच्या वेळी एक साहेब होते, ते सवलतीच्या प्रत्येक फाईलवर लगतच्या मालकाचं म्हणणं घेऊन या म्हणायचे. नियमात तसं बंधन नव्हतं. अर्जदार वैतागायचे, आमचे लोक वैतागायचे, पण नंतर त्या फाईलींवरून कोर्टकचेरी झाल्याचं मला आठवत नाही. त्यांची बदली झाली आणि पद्धतही गेली. इमारती लाकडाच्या व्यापाऱ्याने त्यांना निरोप समारंभात शाल घातली होती, म्हणजे तोही खूश असावा बदलीवर.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. अर्ज बीपीएमएसवर, म्हणजे बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन प्रणालीवर येतो. आर्किटेक्ट नकाशात सवलत मागितलेली जागा दाखवतो, सोबत कारणाचं पत्र. अभियंता जागा बघून टिपणी लिहितो. बहुतेक ठिकाणी नगररचनेचा अभिप्राय घेतात आणि मुख्याधिकारी सही करतात. नगरसेवकांच्या सभेत हा विषय येत नाही, त्यामुळे नगराध्यक्षांकडे जाऊन उपयोग नाही, चहा मिळेल फक्त. सगळा जीव त्या अभियंत्याच्या टिपणीत असतो. ती नीट जागेवर जाऊन लिहिली की ऑफिसात बसून, यावर सगळं.

चिरेबंदी
माझं ऐका, अर्ज टाकून ६० दिवस गप्प बसायचं. उत्तर आलं नाही की परवानगी मिळाल्यात जमा, कायद्यातच आहे. बांधायला घ्या.

निवृत्त_ओव्हरसियर
चिरेबंदी, असं सांगून लोकांना खड्ड्यात घालू नका. कलम ४५ मधली ती मानीव परवानगी प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. सवलत मागितली याचा अर्थच तो बसत नाही. गप्प बसून सवलत मिळत नसते.

चिरेबंदी
आमच्या मेव्हण्याने बांधलं की तसंच.

वकीलकाकू
मेव्हण्यांना भोगवटा प्रमाणपत्र मिळालं का ते विचारा आणि मग इथे लिहा.

परसदार, तुमच्यासाठी. परवानगी नाकारली गेली तर अर्जदार कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करू शकतो. पण ते अपील अर्जदारालाच. शेजाऱ्याला परवानगी मिळाली म्हणून तुम्हाला त्या कलमाखाली जाता येत नाही. तुमच्याकडे उरतं ते नगरपंचायतीकडे लेखी हरकत आणि ऐकलंच नाही तर हायकोर्टात रिट. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गाला मुंबईऐवजी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, ऑगस्ट २०२५ पासून. आंबा घाट उतरून-चढून जायची तयारी ठेवा. पण खरं सांगू, अडीच फुटांसाठी रिट करू नका. आधी फाईल बघा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, मंजूर नकाशा, सवलतीचं पत्र आणि टिपणीची प्रत मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "कारण लेखी नोंदवून" असं नियमात आहे ना, मग ते नोंदवलेलं कारण मागा. कारणच नसेल तर तुमचं काम सोपं झालं.

दुसरी गोष्ट, खिडकीतून येणारा उजेड आणि वारा २० वर्षांहून जास्त काळ अखंड मिळत असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखाली तो हक्क होतो. नगरपंचायतीने परवानगी दिली म्हणून तो बुडत नाही, तो दिवाणी विषय. मात्र परवा पाडलेल्या खिडकीला हे लागू नाही. आणि गजालवाला, तुमच्या शेजाऱ्याची पावळी पण याच कायद्यात येते, त्याने २० वर्षं सिद्ध केली तर तुम्ही पागोळ्या मोजत बसा.

गजालवाला
काकू, तुमी आमच्या बाजूच्या की त्येच्या?

वकीलकाकू
जो फी देईल त्याच्या. (गंमत हो.)

किनारा
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमची जागा भरतीरेषेपासून शंभरेक मीटर असेल, गावात, ग्रामपंचायत. होमस्टेला चार खोल्या काढायच्यात. तिथे हीच विशेष बाब वगैरे चालेल का? एजंट म्हणतो होऊन जाईल.

निवृत्त_ओव्हरसियर
एजंटला लांब ठेवा. सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, हा केंद्राचा विषय, पर्यावरण संरक्षण कायद्याखालची अधिसूचना, त्यात स्थानिक पातळीवर कोणालाही सवलत देता येत नाही. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकवस्ती चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर ना-विकास क्षेत्र ५० मीटर, नाहीतर आधीसारखंच २०० मीटर. आपल्याकडची बहुतेक गावं दुसऱ्या भागात. आधी किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठे पडतो ते बघा आणि मग खोल्यांचं स्वप्न बघा.

खाडीपलीकडे
किहीमचा तो नीरव मोदीचा बंगला आठवतोय ना, मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून उडवलेला? एवढ्या मोठ्या माणसाचा गेला, आपल्या चार खोल्यांचं काय.

किनारा
समजलं. आंब्याचा धंदाच बरा.

वाशिष्ठीकाठ
पूररेषेचंही हेच आहे, चिपळूणकरांना विचारा. २२ जुलै २०२१ नंतर आमच्याकडे निळी आणि लाल (निळी नदीच्या जवळची पूररेषा, लाल त्याच्या पलीकडची, मोठ्या महापुराची) हे दोन शब्द लहान पोरांना पण पाठ झाले. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम नाही, निळ्या आणि लालच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर अर्धा मीटरला जरा कमी, ०.४५ मीटर. ऐकायला छान वाटतं. पण बाजारपेठेत एकाने जोतं उचललं की त्याच्या दोन्ही बाजूंची जुनी घरं खड्ड्यात जातात, पाणी त्यांच्या ओटीवर. नियम पाळणाऱ्याने शेजाऱ्याला बुडवलं असा प्रकार. तिथे तर कोणी सवलत पण मागितलेली नसते. त्यामुळे मला तरी वाटतं की सवलत दिली की नाही यापेक्षा शेजाऱ्यावर परिणाम काय हे कोणी बघितलं का, हा प्रश्न मोठा.

सोलकढी
आता जरा पत्र्याच्या शेडवर पण बोला कोणीतरी. स्लॅबचं घर बांधायचं, दोन पावसाळ्यांत गळायला लागलं की वर पत्रा, मग पत्र्याखाली पापड, मग पापडाच्या जागी भाडेकरू. आमच्या आळीत सगळ्या गच्च्यांना टोपी आहे.

घाटमाथा
त्यापेक्षा पहिल्यापासून कौलं घातली तर? पण नाही, स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा.

समईची_वात
कौलं शाकारायला माणूस आणून द्या आधी. माकडं नाचतात वर, ते वेगळंच.

निवृत्त_ओव्हरसियर
विषय भरकटायच्या आत एक विचारायचं राहिलं होतं. परसदार, तुमच्याकडे विहीर आहे का आणि असेल तर कुठे? आणि शेजारच्यांनी शोषखड्डा कुठे धरलाय?

परसदार
विहीर आहे, पिण्याला तीच वापरतो, एप्रिलमध्ये सुद्धा आटत नाही. परसात, त्यांच्या बाजूच्या गडग्यापासून आठ-दहा पावलांवर. शोषखड्डा कुठे ते माहीत नाही, पण मागच्या बाजूला एक चौकोनी खणती मारलीय खरी. मला वाटलं पाण्याची टाकी.

निवृत्त_ओव्हरसियर
भिंत विसरा, ती खणती बघा. सेप्टिक टँकचं पाणी जिथे जमिनीत जिरवायचं ती जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटरच्या आत नको असं नियमावलीत आहे. आपला जांभा म्हणजे सच्छिद्र दगड, वर ओतलेलं पाणी कुठून कुठे निघेल सांगता येत नाही. अडीच फुटांची भिंत तुमच्या डोळ्याला खुपते, पण शोषखड्डा विहिरीत उतरला तर पोरं आजारी पडतील. आणि सवलत देताना शेजारच्यांचं आरोग्य बघायचं असतं, ते वर लिहिलंच आहे. अर्जाच्या नकाशात लगतची विहीर दाखवली होती का, एवढंच फाईलीत बघा.

पोफळी
काका, हे आमच्या आर्किटेक्टने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आजूबाजूला विहिरी किती, आणि मी मनात म्हटलं याला घर बांधायचंय की पाणी भरायचंय.

खाडीपलीकडे
म्हणजे बघा, त्या गडग्यापलीकडच्या माणसाला आधीच बोलावलं असतं तर पाच मिनिटांत विहीर कळली असती. न्यू जर्सी नको, ग्रामसभेतली सतरंजी पुरे.

घाटमाथा
सतरंजीवर विहीर कळली असती आणि सोबत १९८५ सालचं बांधाचं भांडण पण.

एडिसनकर
इथे पण निघतात हो जुनी भांडणं. चेअरमन घंटी वाजवतो आणि म्हणतो विषयाला धरून बोला. कागदावर ठराव लिहून, कारणांसकट, मंजूर करावा लागतो, त्यामुळे भांडण कितीही झालं तरी शेवटी निर्णय कशावर दिला ते सगळ्यांना वाचायला मिळतं. मला वाटतं फरक तिथे आहे. तुमच्याकडेही कारण लिहायचं आहेच, फक्त ते कपाटात राहतं.

परसदार
मंडळी, मधे बरेच दिवस गेले, आता अपडेट. माहिती अधिकारात कागद मिळाले. आधी त्रयस्थ पक्षाची माहिती म्हणून टाळायला बघितलं, मग वकीलकाकूंनी सांगितलं तसं मंजूर नकाशा आणि कारण असं स्वच्छ लिहून दिलं तेव्हा प्रती आल्या.

टिपणी पूर्ण तीन वाक्यांची. "सदर भूखंड अरुंद असल्याने अर्जदारास अडचण होत असल्याचे दिसून येते. लगतच्या मालमत्तेस बाधा येत नाही. सवलत देणेस हरकत नसावी." पहिलं वाक्य खरं आहे, प्लॉट अरुंद आहे हे मी पण नाकारत नाही. दुसऱ्या वाक्यासाठी कोणी आमच्या बाजूला येऊन बघितलं असतं तर बरं झालं असतं. नकाशात आमच्या बाजूला नुसतं आमचा सर्व्हे नंबर आणि "मोकळी जागा" लिहिलंय. घर नाही, विहीर नाही, चार पिढ्यांचा रहाट नाही, मोकळी जागा! आणि शोषखड्डा अगदी त्याच खणतीच्या जागी.

मी नुसती विहिरीपुरती लेखी हरकत दिली, सोबत मोजून काढलेलं अंतर आणि विहिरीचा फोटो. भिंतीबद्दल एक शब्द लिहिला नाही, काकांचं ऐकलं. अभियंता आले, टेप लावली, बारा मीटर आणि काहीतरी भरलं. शेजारच्यांना सुधारित नकाशा द्यायला सांगितलंय, शोषखड्डा पुढे रस्त्याच्या बाजूला नेणार. मालक मुंबईहून आले होते, माणूस वाईट नाही, म्हणाले मला आर्किटेक्टने सांगितलंच नाही तुमच्याकडे विहीर आहे. मी म्हटलं तुम्ही प्लॉट बघायला आला होतात तेव्हा त्याच विहिरीचं पाणी प्यायलात.

भिंत मात्र आहे तिथेच आहे.

वकीलकाकू
उत्तम केलंत. भिंतीबद्दल लिहिलं असतं तर विहीर त्यात बुडाली असती. सुधारित नकाशा मंजूर झाल्यावर त्याचीही प्रत घेऊन ठेवा आणि भोगवटा देण्याआधी शोषखड्डा प्रत्यक्षात कुठे झालाय ते तपासावं असं एक पत्र आत्ताच टाकून पोच घ्या.

समईची_वात
मला हे अर्धवट वाटतं. "बाधा येत नाही" असं न बघता लिहिलं त्याचं काय? त्या सवलतीचा पायाच ते वाक्य आहे. उद्या दुसऱ्या गल्लीत हेच वाक्य कॉपी-पेस्ट होणार.

निवृत्त_ओव्हरसियर
होणार. आमच्याकडे तर ते वाक्य टाईप करून ठेवलेलं असायचं. पण एका अभियंत्याकडे दोन-दोन गावांचा चार्ज असतो, हेही बघा. सवलतीच्या फाईलीला लगतच्या चारही बाजूंचे फोटो सक्तीचे करा म्हणून तुम्ही सगळे मिळून निवेदन द्या, ते मुख्याधिकारी आपल्या पातळीवर करू शकतात. फोटोत विहीर लपत नाही.

परसदार
निवेदन लिहायला घेतो. समईची वात, मसुदा तुम्हाला पाठवू का? तुमची भाषा कडक आहे.

समईची_वात
पाठवा. पण "हरकत नसावी" हे शब्द कुठे आले तर मी सही करणार नाही.

गजालवाला
माझी पण सही घेवा. आणि त्यात पावळीचा काय तरी घाला.

नवा_सभासद
नमस्कार, मी नवीन आहे, पूर्ण धागा वाचला नाही. आमचं घर बाजारात मेन रोडला आहे, पुढच्या मोकळ्या जागेत दोन गाळे काढायचेत. नगरपंचायतीकडून विशेष बाब म्हणून सवलत कशी मिळवायची, कोणी सांगेल का?

परसदार
माझ्या भावाचा नंबर देऊ का?